अकंप

मधुसूदन लांजेवार सरांनी माळटोल्याच्या हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या आग्रहाखातर नगरपरिषदेची निवडणूक लढवली. फळ्यासमोर जे खरं ते जसं बिनधास्त सांगितलं, तसंच सभागृहातही सांगता येईल, असं त्यांना वाटलं होतं. पहिल्याच वर्षी त्यांना कळून चुकलं, की ते तितकं सोपं नाही.

त्या वर्षी आठवडी बाजारातल्या बांगडीवाल्या कुटुंबांना हटवण्याचा ठराव आला. कारण काय, तर एक अफवा. ती खोटी आहे हे सरांना पक्कं ठाऊक होतं, कारण चौकशी त्यांनी स्वतःच केली होती. काय बोलायचं तेही मनात तयार होतं. पण आता नगरपरिषदेची प्रत्येक सभा कायद्यानंच सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायची आणि लोक काय म्हणताहेत ते सभागृहाच्या भिंतीवरच्या पडद्यावर तिथल्या तिथे सरकत राहायचं. पडद्यावर माळटोला पेटला होता. सरांनी त्याकडे एकदा पाहिलं, घसा कोरडा पडला, आणि ठरावाच्या बाजूनं हात वर गेला. तो आपणच वर केला, हे त्यांना नंतर बराच वेळ पटेना. पुढे एकदा बसस्टँडवर त्या कुटुंबांतली एक मुलगी भेटली. ती सरांची विद्यार्थिनी. तिनं नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. तिनं तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

म्हणून 'नवा उंबरठा'चा वाद सुरू झाला तेव्हा सर आधी स्वतःलाच घाबरले.

'नवा उंबरठा' ही सरकारची योजना होती. शिक्षा पुरी भोगून सुटलेल्या आणि ज्यांना घरचे दार उघडत नाहीत अशा माणसांनी वर्षभर एखाद्या लहान गावात राहायचं, काम शिकायचं, मग आपापल्या वाटेनं जायचं. माळटोल्यात तलावाकाठच्या जुन्या विश्रामगृहात असे पाच जण येऊन राहिले होते. त्यांनी कुणाला त्रास दिला नव्हता. पण गावानं त्यांना घालवायचं ठरवलं होतं आणि नगराध्यक्षांनी तसा ठराव आणला होता.

त्याच सुमारास डॉ. अनुजा पटले सरांना भेटायला आली. ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता नागपुरात मेंदूवर संशोधन करणारी. सरांनी तिच्यापुढे मन मोकळं केलं.

"मला बरोबर काय ते कळतं गं," ते म्हणाले, "पण सगळे माझ्याकडे बघायला लागले की मी वितळतो."

अनुजा हसली नाही. "सर, तुम्ही भित्रे नाही. हात भाजला की मेंदूतला एक भाग पेटतो. आपल्या माणसांनी पाठ फिरवली की जवळजवळ तोच भाग पेटतो. लाखो वर्षं टोळीबाहेर पडणं म्हणजे मरणंच होतं ना? म्हणून मेंदूनं नापसंतीला दुखापतीच्याच रांगेत बसवलंय. तुम्ही सभागृहात उभे राहता तेव्हा तुम्हाला खरोखर दुखतं."

तिनं पर्समधून एक पाकीट काढलं. आत नखाएवढी, कातडीच्या रंगाची पट्टी होती. तिचं नाव 'अकंप'. कानामागे चिकटवायची. तिच्यातलं औषध कातडीतून हळूहळू झिरपत राहतं आणि मेंदूच्या त्या भागाचा इतर भागांशी चाललेला संवाद तेवढा मंद करतं. झोप येत नाही, नशा येत नाही, बुद्धी आणि आठवण जशीच्या तशी राहते. लोकांच्या भीतीनं वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या रुग्णांसाठी ती बनवली होती, आणि आता निरोगी माणसांवर तिच्या चाचण्या सुरू होत्या. अनुजाला स्वयंसेवक हवेच होते.

"दुष्परिणाम?" सरांमधल्या मास्तरानं विचारलं.

"थोडी खाज. आणि काहींच्या घरचे म्हणतात, माणूस जरा कोरडा होतो."

"राजकारणात कोरडेपणाची कधी कुणाला अडचण झाली नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

ठरावाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. पडद्यावर शिव्या सरकत होत्या. सर उभे राहिले, आणि आश्चर्य म्हणजे काहीच झालं नाही. घसा कोरडा पडला नाही, पायातलं बळ गेलं नाही. पडद्यावर स्वतःचं नाव दिसलं तेही त्यांनी बसचा फलक वाचावा तसं वाचलं. "शिक्षा न्यायालयानं दिली होती, ती यांनी भोगली," ते म्हणाले. "त्यावर आणखी शिक्षा द्यायचा अधिकार या सभागृहाला नाही. माझा विरोध लिहून घ्या."

नगराध्यक्षांनी विरोध लिहून घ्यायला सांगितला. मग मागच्या रांगेतून आणखी एक हात वर आला. तो हात स्पष्ट थरथरत होता.

तो यशोधरा गभनेंचा होता. यशोधराबाईही नगरसेविका, बसस्टँडमागे खानावळ चालवायच्या. पती वारल्यावर त्यांनी त्याच खानावळीवर मुलीला वाढवलं होतं, आणि मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. त्या उठल्या, पण धड बोलता येईना. "माझा पण… माझाही विरोध आहे जी," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी खो खो हसलं.

दोन सदस्यांनी लेखी विरोध केला, की ठराव मंजूर करण्याआधी लोकसुनावणी घ्यावी लागे. एकट्याचा विरोध पुरला नसता. दोघांचा होता, म्हणून ठराव पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी सरांचं भाषण राज्यभर पोहोचलं. 'न डगमगणारा नगरसेवक' म्हणून त्यांच्या मुलाखती झाल्या. पुण्याच्या एका संस्थेनं सत्काराला बोलावलं. यशोधराबाईंच्या रडण्याची मात्र गावात नक्कल होऊ लागली. सरांनी मुलाखतीत त्यांचं नाव कधी घेतलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. सुचलंच नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी यशोधराबाई घरी आल्या. ओढलेला चेहरा, हातात डबा. सरांची पत्नी नलिनीताई त्यांना आत घेऊन आल्या.

"सर, खानावळीत जेवायला कुणी येऊन नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "मुलीच्या सासरचेही म्हणतात, विरोध मागे घ्या, नाही तर बघू. पण मी ते सांगायला नाही आली. मी सिंधूबाईंकडे जाऊन राहिली रोज."

सिंधू शहारे हे नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत झालेल्या भांडणात, सुरा लागून गेला होता. मारणारा अजून तुरुंगात होता. 'नवा उंबरठा'तल्या पाच जणांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण विरोधकांनी सिंधूबाईंनाच पुढे करायचं ठरवलं होतं, कारण त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती होणार नव्हती.

"त्या पहिल्यांदा दारच उघडेनात," यशोधराबाई सांगत होत्या. "मग बसू दिलं. मी काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. काल त्या म्हणाल्या, त्या माणसांपैकी एकाला भेटव मला. सर, त्या उद्या आपल्याविरुद्ध बोलणार नाहीत असं मला वाटते. कदाचित बाजूनंही बोलतील. फक्त त्यांना त्यांचं सगळं बोलू द्या. मधे काही म्हणू नका. तुम्ही नरम राहा जी."

"मी मुद्द्याचं बोलेन," सर म्हणाले. "तत्त्व कुणाच्या रडण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. यशोधराबाई, तुम्ही फार घाबरता."

"घाबरते ना जी," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर विचारायला आली."

त्या गेल्यावर नलिनीताई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

सुनावणी नगरपरिषदेसमोरच्या मैदानात मांडवात झाली. सिंधूबाई माइकसमोर आल्या. त्या अडखळत बोलत होत्या. मुलाला काय आवडायचं ते सांगितलं, त्या दिवशी तो कुठला शर्ट घालून गेला ते सांगितलं. मग पुन्हा शर्टावर आल्या. पुढे बसलेल्या यशोधराबाई त्यांच्याकडे बघत हळूच मान हलवत होत्या, जणू सांभाळून रस्ता ओलांडून देताहेत.

"मला वाटते," सिंधूबाई म्हणाल्या, "की माझा पोरगा… त्याला मारणारा उद्या सुटून आला तर…" आणि त्या थांबल्या.

सरांनी समोरचा माइक ओढला. मुद्दा भरकटतो आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. "सिंधूबाई, तुमच्या मुलाचा आणि या विषयाचा संबंध नाही," ते म्हणाले. आवाज शांत, शब्द स्वच्छ. "या पाच माणसांना हाकललं तरी तुमचा मुलगा परत येणार नाही. दुःख हा पुरावा नसतो. पुढच्या वक्त्यांना बोलवा."

सिंधूबाईंनी सरांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि त्या माणसांतून वाट काढत निघून गेल्या. यशोधराबाई त्यांच्यामागे धावल्या. मांडवातही लावलेल्या पडद्यावर काय सरकत होतं ते सरांनी वाचलं आणि पुढचा मुद्दा मांडला. संध्याकाळपर्यंत गावातले जे कुंपणावर होते तेही सगळे ठरावाच्या बाजूला गेले.

त्या रात्री जेवताना नलिनीताईंनी विचारलं, "त्या बाईशी तसं बोलताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

सरांनी प्रामाणिकपणे मनात शोधलं. रिकाम्या खोलीत दिवा फिरवून बघावा, तसं. "नाही," ते म्हणाले.

"मला वाटलंच," नलिनीताई म्हणाल्या. "माझ्याही बाबतीत महिनाभर काही वाटत नाहीये तुम्हाला." आणि त्या उठून गेल्या.

सरांना वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं हे मात्र त्यांना कळलं, एखाद्या गणितात पायरी गळालेली दिसावी तसं. तेवढ्यानं त्यांनी कानामागची पट्टी काढून टाकली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना सिंधूबाईंचं उघडं राहिलेलं तोंड त्यांना आठवलं, आणि हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं. मग एकामागून एक सगळं येत गेलं. दारातून परत जाणाऱ्या यशोधराबाई. मुलाखतीत कधीच न घेतलेलं नाव. नलिनीताईंना महिनाभरात आपण काय काय बोललो ते. सर बाथरूमच्या फरशीवर बसले आणि तोंडात टॉवेल धरून रडले. वय पासष्ट, आणि आपला आवाज बाहेर ऐकू जाईल याचीही त्यांना लाज वाटत होती.

अनुजाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "औषध थांबलं की तो भाग काही आठवडे जास्तच हळवा होतो, सर. दाबून ठेवलेली स्प्रिंग सोडल्यासारखा. त्या काळातल्या आठवणी त्यानं तपासलेल्याच नव्हत्या, आता तो एकेक तपासतोय. फार त्रास होत असेल तर हलक्या मात्रेची पट्टी पाठवते. हळूहळू कमी करता येईल."

सरांच्या तोंडातून 'पाठव' जवळजवळ निघालंच होतं. "लाज ही पण त्याच वाटेनं येते का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," अनुजा म्हणाली. "भीती आणि लाज वेगळ्या काढता नाही आल्या आम्हाला अजून."

"मग राहू दे," सर म्हणाले.

ते तडक खानावळीत गेले. दुपारची वेळ, एरवी बसायला जागा नसायची. सगळी टेबलं रिकामी होती. यशोधराबाई तांदूळ निवडत होत्या. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पट्टी, अनुजा, सही, सगळं. त्या चिडतील, रडतील, नाही तर समजून घेतील, असं काहीबाही त्यांनी मनात धरलं होतं.

यशोधराबाईंचा हात सुपात थांबला.

"त्या दिवशी माझा हात वर नव्हता जात," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिले, म्हणून गेला. मी म्हटलं, सरांनाही भीती वाटतच असेल, तरी उभे आहेत. रात्री झोप नाही लागायची तेव्हाही मी मनाला हेच सांगायची, की दोघं आहोत." त्यांनी मान वर केली. "म्हणजे तिथं मी एकटीच होती?"

सरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"जा जी तुम्ही आता," यशोधराबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

सिंधूबाईंकडेही ते गेले. सिंधूबाई बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्यानं अंगणात खुर्ची टाकली, पाण्याचा गडू ठेवला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. आतून सिंधूबाईंचा आवाज आला, "सर, तुम्ही खोटं नाही बोलले. पण मी त्याच माणसांसाठी बोलायला आली होती. तुम्ही ते माझ्या तोंडातच राहू दिलं. आता ते बाहेर नाही येत." सरांनी माफी मागितली. आत भांड्यांची आवराआवर सुरू झाली. पाणी न पिता जाणं बरं दिसणार नाही म्हणून ते प्यायले, आणि उठले.

अंतिम मतदानाच्या दिवशी सर कानामागे काहीही न लावता निघाले. सभागृहात पाऊल टाकताच पडद्यावरचं प्रत्येक अक्षर त्यांना टोचू लागलं. त्यांची पाळी आली. ते उठले, खुर्चीला धरून. आधीच्या भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

"मी… मागच्या वेळी जे बोललो, ते बरोबर होतं," ते म्हणाले. आवाज फाटत होता. "सिंधूबाईंशी ज्या तऱ्हेनं बोललो, ते चूक होतं. तेव्हा मी एक औषध लावलेलं होतं, माणसांची भीती वाटू नये म्हणून. आज लावलेलं नाही. आज मला तुम्हा सगळ्यांची फार भीती वाटते आहे. तरी माझा विरोध आहे."

सभागृहात हशा पिकला. 'औषधी नगरसेवक!' कुणीतरी ओरडलं. पडद्यावर तेच शब्द नाचू लागले. सर खाली बसले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. यशोधराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि 'विरोध' म्हणाल्या. दोन हात विरोधात, बाकी सगळे बाजूनं. ठराव मंजूर झाला. विश्रामगृह आजच्या आज रिकामं करायचं होतं.

दुपारी सर तलावाकाठी पोहोचले तेव्हा यशोधराबाई तिथं आधीच आल्या होत्या. पाच माणसं आपापल्या पिशव्या घेऊन बाहेर उभी होती. त्यांना न्यायला नागपूरहून योजनेची गाडी यायला आठवडा लागणार होता, तोवर त्यांची जबाबदारी कुणाचीच नव्हती. दोघं एका नातेवाइकाकडे निघाले होते. "हे दोघं माझ्या मागच्या खोलीत राहतील," यशोधराबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक तसंही नाही." राहिला एक. घनश्याम उके नावाचा, केस पांढरे झालेला, खांदे पाडून उभा असलेला माणूस. यशोधराबाई सरांकडे बघत राहिल्या. त्यांनी मागितलं असतं तर सोपं झालं असतं.

"उके माझ्याकडे येतील," सर म्हणाले.

सर आणि उके निघाले. बाजारातून गेलं तर सगळा गाव बघणार होता. तलावाच्या कोपऱ्यावर आल्यावर सरांचे पाय आपोआप मागच्या बोळाकडे वळले.

"इकडून जवळ पडते का जी?" उकेंनी विचारलं.

"हो," सर म्हणाले.

उके गुमान मागून चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर समजूत काढल्यासारखं म्हणाले, "बरं आहे. मलाही मागूनच जायची सवय आहे."

सर थांबले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बोळात कुणी नव्हतं, तरी त्यांना कुणाकडे बघवेना.

"उके, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "इकडून लांब पडतं. चला."

ते परत फिरले आणि बाजाराच्या रस्त्याला लागले. चहाच्या टपरीवरचं बोलणं ते जवळ येताच थांबलं. सरांचा एक जुना विद्यार्थी सायकलीवरून उतरला, उकेंकडे पाहून घाईघाईनं दुसरीकडे बघू लागला. दुकानांच्या फळ्यांवरून नजरा उठत होत्या आणि प्रत्येक नजर सरांच्या अंगावर उमटत होती. उके एक पाऊल मागे राहत होते; सर दर वेळी थांबून त्यांना बरोबरीला घेत होते.

घराजवळ आले तेव्हा शेजारचे बिसेन ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्याशी सरांची तीस वर्षांची ऊठबस. "काय सर, पाहुणे का जी?" त्यांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"हे घनश्याम उके," दुसऱ्या खेपेला ते म्हणाले. "'नवा उंबरठा'तले. आमच्याकडे राहतील."

बिसेनांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला. सरांनी तो आवाज नीट ऐकला. दारात नलिनीताई आल्या होत्या. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मग उकेंकडे, मग नवऱ्याच्या थरथरणाऱ्या हातांकडे, आणि पाणी आणायला वळल्या.

सर पायरीवरच बसले. उके पिशवी हातात धरून तसेच उभे होते.

"बसा ना," सर म्हणाले.

उके बसले, जरा अंतर ठेवून. सर सरकून त्यांच्याजवळ गेले.